गबाळीची वेणी

"हलू नकोस गं वैजू. मान सरळ ठेव. आणि बघ हं, मी येईपर्यंत ही वेणी विस्कटू द्यायची नाही."

हा आवाज मिरजेतल्या एका कौलारू घराच्या ओट्यावरचा. नुकतं कुठे उजाडलेलं. पुढे लेक, मागे आई, मधे खोबरेलाची वाटी आणि लाकडी फणी. सहा वर्षांच्या वैजूच्या मानेवर आईचा श्वास येत होता, गरम आणि मधूनच अडखळणारा. बोटं मात्र अडखळत नव्हती. मिशनच्या दवाखान्यात नर्सिंग शिकलेली बोटं ती. जखमेला पट्टी बांधावी तशी ती वेणी बांधत होती, घट्ट, पण दुखू न देता. बांधता बांधता आई गुणगुणत होती,

लेकीची गं वेणी घालू, पेडावरी बाई पेड…

पुढची ओळ वैजूच्या कानावर आलीच नाही. आईचा आवाज तिथेच तुटला. लाल रिबिनीचं फूल बांधून झालं, दारात टांगा लागला, बबनमामाने ट्रंक चढवली आणि सिंधू नर्स विलायतेला गेली. वैजू ओट्यावर उभीच राहिली, मान ताठ धरून. मान हलली तर वेणी विस्कटेल.

त्याला आता चाळीस वर्षं उलटून गेली. वैजू पन्नाशीला टेकली होती आणि लहानपणापासून तिला वैजू म्हणणारं जगात एकच माणूस उरलं होतं. ते माणूस ग्लासगोच्या दक्षिण भागातल्या एका केअर होममध्ये, खिडकीशेजारच्या पलंगावर पडून होतं.

सिंधुबाईंनी याच शहरातल्या दवाखान्यात सगळी नोकरी काढली. वॉर्डात सिस्टर सिंधू म्हटलं की शिकाऊ पोरी पलंगाच्या चादरी पुन्हा एकदा ओढून घ्यायच्या. चादरीला सुरकुती दिसली की या बाई काही बोलायच्या नाहीत, नुसती ती सुरकुती बोटाने दाखवायच्या. अशी करडी बाई. नवरा वैजू रांगत होती तेव्हाच टायफॉइडने गेलेला. पदरी पोर, मागे म्हातारी आई आणि शिकणारा भाऊ. म्हणून ती सातासमुद्रापार आली आणि इथल्या पावसात पाय रोवून उभी राहिली. मागच्या वर्षी अर्धांगाचा पहिला झटका आला, उन्हाळ्यात दुसरा. आधी उजवा हात गेला आणि त्याच्या पाठोपाठ इंग्रजी गेलं. चाळीस वर्षांचं ग्लासगोच्या हेलाचं इंग्रजी, पाटीवरची अक्षरं ओल्या फडक्याने पुसावी तसं पुसलं गेलं. खाली जुनी पाटी उरली. तिच्यावर थोडे मराठी शब्द. पाणी. नको. बाबा. आणि वैजू, आताची वैजयंती, दारात आली की,

"आली का गबाळी."

वैजयंती गबाळी! तिचा कोट ब्रशने झाडलेला, बुटांना पॉलिश, कानामागचा एक केस जागचा हललेला नाही. कौन्सिलच्या लायब्ररीत पुस्तकं तिला भिऊन सरळ उभी राहतात असं तिथले लोक गमतीने म्हणत. एडिनबराला शिकणारी तिची मुलगी ईशिता तर तोंडावर म्हणायची, "आई, तुझा घर म्हणजे म्युझियम आहे. बसायला भीती वाटतो." घर तो, भीती तो, पोरीचं मराठी असं विस्कटलेलं. वैजयंती हसून सोडून द्यायची आणि पोरगी उठून गेली की सोफ्यावरची उशी सरळ करायची.

पण आईच्या जिभेवर शब्द उरले तेही मोजके, आणि त्यात लेकीसाठी हाच.

डॉक्टर सांगून गेले होते, तिसरा झटका केव्हाही येईल आणि तो शेवटचा असेल. वैजयंती रोज दुपारी लायब्ररीतून निघाली की इथे येई. येताना बसमध्ये ठरवायची, आज सांगायचं. एकच गोष्ट होती सांगायची. लहानपणापासून घशात धरून ठेवलेली. ती न सांगता आई गेली, तर आईसोबत शेवटपर्यंत हेच जाणार होतं की लेकीने आपलं ऐकलं नाही. पण रोज बस यायची, पलंग यायचा, "आली का गबाळी" यायचं, आणि गोष्ट पुन्हा खाली उतरायची.

त्या होममध्ये दाइवा होती. लिथुएनियाहून आलेली, उंच, गालावर लाली असलेली, चालताना चपलांचा फटफट आवाज करणारी. तिचा देश युरोपीय संघात सामील झाला आणि तिच्या गावातल्या निम्म्या बाया अशा इकडे आल्या. कुणी कोंबड्यांच्या कारखान्यात, कुणी हॉटेलात, ही म्हाताऱ्यांपाशी. दिवसभर हिचं काम काय, तर खोल्या आवरणं आणि माणसं आवरणं. त्यामुळे इंग्रजी तिला पहिल्यांदा भेटलं ते पसाऱ्याच्या वेषात. साहेबाच्या भाषेत पसाऱ्याला किती शब्द आहेत हे तिला दर दिवशी नव्याने कळायचं, आणि कळलं की ती वैजयंतीला गाठायची. सिंधुबाई हाक मारत तशीच तीही मारायची.

"वैजू, आज नवीन शब्द. अठरा नंबरचे आजोबा ओरडले, व्हॉट अ गडल! गडल म्हणजे मेस ना?"

"मेसच. पण लाडातली. ग्लासगोची मेस."

"आणि क्लटर?"

"वस्तू चांगल्या, पण ठेवायला जागा नाही, तेव्हा क्लटर."

"शॅम्बल्स?"

"जे आता आवरण्याच्या पलीकडे गेलं, ते."

"म्हणजे माझं लग्न," दाइवा म्हणाली आणि चादर झटकता झटकता इतकी हसली की सिंधुबाईंनी डोळे उघडून पाहिलं.

मग ती आपल्याकडचे शब्द द्यायची. शेजारणीने वाटी घेतली की रिकामी परत करायची नसते, तसं. "आमच्याकडे नेत्वार्का म्हणजे साधा पसारा. आवरला की गेला. बेत्वार्के म्हणजे घराला घरपणच नाही, कुणाचा कुणाला धरबंद नाही. आणि योवालास… ते डुकरांना घालतात ना, सगळं एकत्र कालवून? ते. माझ्या भावाची खोली."

"आम्ही राडा म्हणतो. नाहीतर उकिरडा."

"उकिरडा," दाइवाने शब्द तोंडात घोळवून पाहिला. "छान आहे. जड आहे. आणि नेवाला माहितीये? नीट न राहणारी बाई. मला आई म्हणायची. शाळेत जाताना, लग्नात, आता फोनवरसुद्धा. नेवाला!"

"तशा बाईला आम्ही गबाळी म्हणतो."

दाइवाचे हात थांबले. "गबाळी? पण ते तर तुमचं नाव. आई रोज तुम्हाला तसंच म्हणते."

वैजयंतीने पलंगाकडे पाहिलं. मग टेबलावरचा पाण्याचा पेला इंचभर सरकवून सरळ केला. "हो," ती म्हणाली. "नावच म्हण."

ऑक्टोबरातली ती दुपार. बाहेर ना धड पाऊस ना धड उघाड, इथला नेहमीचा तो ओला राखाडी उजेड. वैजयंती आली तर खोलीत होमची मॅनेजरीण उभी होती. बाई चांगली, आवाज मऊ. पण मऊ आवाजात सांगण्याच्या गोष्टी बहुधा बऱ्या नसतात.

सतत उताणं पडून राहिल्याने सिंधुबाईंच्या डोक्याच्या मागे केसांचा गुंता झाला होता. लांबसडक पांढरे केस, ते एकमेकांत असे शिरले होते की लोकरीच्या तुकड्यासारखा गोळा बनला होता. फणी लावली की त्या कण्हायच्या. खालची कातडी लाल झाली होती. उद्या हेअरड्रेसर येणार होती. "आम्हाला वाटतं कापून टाकावेत," मॅनेजरीण म्हणाली, "अगदी बारीक. त्यांनाच आराम पडेल. तुम्ही हो म्हणालात की झालं."

"उद्यापर्यंत सांगते," वैजयंती म्हणाली.

मॅनेजरीण गेल्यावर दाइवाने सिंधुबाईंना हळूच कुशीवर वळवलं आणि गुंत्यावर तळहात ठेवला. लहान मुलाची टाळू चाचपावी तसा.

"याला आमच्याकडे काल्तूनास म्हणतात," ती म्हणाली. "माझी पणजी म्हणायची, काल्तूनास कधी कापू नये. अंगातला आजार केसांतून बाहेर येऊन गुंता होतो. कापला तर आजार परत आत शिरतो. माणूस आंधळं होतं. मला माहितीये, खुळ्या गोष्टी. पण कात्री घेतली की हात मागे येतोच ना."

वैजयंतीच्या नाकात एकदम वास भरला होता. जळक्या केसांचा.

कारण मिरजेतल्या त्या ओट्यावर उभी राहिलेली पोर आईने सांगितलेलं विसरली नव्हती. मी येईपर्यंत विस्कटू द्यायची नाही. आजीने त्या संध्याकाळी वेणी सोडायला हात घातला तर वैजूने डोकं दोन्ही हातांनी झाकून घेतलं. दुसऱ्या दिवशीही तेच. न्हाऊ घालायला गेलं तर पोर किंचाळून गल्ली गोळा करी. ती पालथी झोपू लागली, वेणी उशीखाली चुरगळू नये म्हणून. खेळायला जाईना. मुली धावतात, उड्या मारतात, वेण्या सुटतात. आई कुठे गेली हे तिला ठाऊक नव्हतं, किती दूर तेही नाही. पण येणार हे ठाऊक होतं, आणि आली की पहिल्यांदा वेणी बघणार हेही.

लाल रिबीन मळून मातकट झाली. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. पेड एकमेकांत शिरले, तेल-धुळीने कडक झाले, आणि एक दिवस गल्लीतल्या बायकांनी हनुवटीवर बोट ठेवलं.

"अगं बया, जट आली की पोरीला!"

त्या मुलखात जट म्हणजे साधी गोष्ट नव्हती. पोरीच्या डोक्यात जट आली म्हणजे देवीने बोलावणं धाडलं. तिला फणी लावायची नाही, कात्री तर नाहीच. भंडारा लावायचा, तेल घालायचं, आणि वयात आली की देवीच्या नावाने सोडायची. पुढे त्या पोरीचं काय होतं ते सगळ्यांना माहीत असायचं आणि कुणी बोलायचं नाही. आजी घाबरली. बौद्ध होऊन अजून पुरती दहा वर्षंही झाली नव्हती. देव्हाऱ्यातले देव नदीत गेले होते, पण आजीच्या मनाच्या कोपऱ्यात एखादा मागे राहिला असावा. तिने एका मंगळवारी गुपचूप वैजूच्या वेणीला हळद लावली.

बबनमामाने ते पाहिलं. तेवीस वर्षांचा तरणा पोरगा, भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीखाली बसून कॉलेजचा अभ्यास करणारा. तो इतका कधी चिडला नव्हता. "आई! आपण देव सोडले ते कशासाठी? आता ही पोर त्यांना सोडायची?" त्याने शिवणकामाची कात्री घेतली, वैजूला मांडीत दाबून धरलं आणि मानेपासून वेणी कापली. कापली आणि तशीच चुलीत टाकली, रिबिनीसकट. वैजू ओरडली नाही. ती नुसती बघत राहिली. आईने घातलेले पेड चुलीत आधी वळवळले, मग चरचरले, मग घरभर तो वास.

मामाने योग्यच केलं होतं. मोठेपणी वैजयंतीला ते कळलं, पुरतं कळलं. त्या गल्लीतल्या एका मुलीचं डोकं कुणी भादरलं नाही, तिचं काय झालं तेही कळलं. मामाने तिचा जन्म वाचवला. पण एकाच कात्रीने दोन गोष्टी कापल्या जातात कधी कधी, आणि दुसरीचं कुणाच्या ध्यानातही येत नाही. मामाने बहिणीला विलायतेत कळवलं, ते घाबरवू नये म्हणून जरा थट्टेनेच कळवलं. तुझी लेक फार गबाळी, डोक्याला फणी लावू देत नाही, शेवटी केस कापले.

आणि वैजू दहा वर्षांची झाल्यावर विमानाने लंडनला उतरली, दोन दिवसांच्या प्रवासाने चुरगळलेली, तेव्हापासून वाढूच न दिलेल्या, मुलासारख्या बारीक केसांची. समोर करड्या कोटातली एक बाई धावत आली. तिने वैजूला छातीशी धरलं, दूर केलं, बघितलं, आणि रडत रडत हसली.

"अगं बाई! गबाळीच आहेस की गं खरोखर!"

त्या हाकेत किती माया होती ते आज वैजयंती सांगू शकते. तेव्हा तिने फक्त शब्द ऐकला. सांगायला तोंड उघडलं होतं, पण आई रडत होती. मग आगगाडी आली, ग्लासगो आलं, शाळा आली, आईच्या रात्रपाळ्या आल्या. सांगायचं आधी राहून गेलं, मग जाणूनबुजून राहू दिलं. काय सांगायचं? तू म्हणालीस म्हणून? जी बाई आपल्यासाठी दुसऱ्यांची मलमूत्रं काढत होती, पायांना सूज आली तरी उभी होती, तिच्या पदरात हे घालायचं? त्यापेक्षा गबाळी बरी. वैजूने बूट चमकवले, वह्यांना कव्हरं घातली, चादरीची सुरकुती काढायला शिकली. नीटनेटकी झाली, इतकी नीटनेटकी की तिच्या जवळ यायला माणसं बिचकू लागली. आणि आई थट्टेने तीच हाक मारत राहिली.

"वैजू? बरं वाटत नाही का?"

दाइवा विचारत होती. वैजयंतीने मान वर केली आणि तिला दिसलं की डोळे दाइवाचेच लाल आहेत.

"तुला काय झालं?"

"काही नाही. घरी फोन केला होता." दाइवाने नाक पुसलं. "उग्ने. माझी मुलगी, आठ वर्षांची. आमच्या गावी, उतेनाला, आईपाशी ठेवलीय, सांगितलं ना मी. ती फार नेवाला झालीय. ईस्टरला मी गेले होते ना घरी? निघाले त्या दिवशीचं माझं अंथरूण अजून तसंच आहे. ईस्टरपासून! चादर अर्धी खाली, पांघरुणाचा बोळा. आई आवरायला गेली तर उग्ने अंगावर धावते. उशीवर माझ्या डोक्याचा खळगा आहे म्हणे, त्याला हात लावू देत नाही. घरात पाहुणे आले तरी तसंच. आई म्हणते लाज वाटते मला. मग मीही ओरडले फोनवर. नेत्वार्का, म्हटलं, बेत्वार्के! एवढी मोठी झालीस!"

"मग? काय म्हणाली ती?"

"काही नाही. फोन आजीकडे दिला."

वैजयंती खुर्चीच्या कडेवर बसली. हातातली पर्स तिने खाली ठेवली. नेहमी ठेवायची तशी पायाशी सरळ नाही, कशीतरीच.

"दाइवा, तो पसारा नाही."

"मग काय आहे?"

"तू गेलीस तशी तुझी जागा राखून ठेवलीय तिने. तू आलीस की तुला जशीच्या तशी परत द्यायला."

"तुम्हाला कसं माहीत?"

तेव्हा वैजयंतीने सांगितलं. ओटा, फणी, टांगा, जट, चूल. इंग्रजीत सांगितलं, म्हणून सांगता आलं. परक्या भाषेत स्वतःचं दुःख जरा दुसऱ्याचं असल्यासारखं वाटतं, हात भाजत नाही. पलंगावर सिंधुबाई कुशीवर पडल्या होत्या. त्या भाषेतलं आता त्यांच्यापर्यंत काही पोचत नव्हतं. खिडकीच्या काचेवरून पाण्याची एक धार दुसरीला मिळत होती.

सांगून झालं. दाइवा तशीच उभी होती, हातात फणी.

"आणि हिला सांगितलंत?"

"नाही."

"कधीच नाही?"

"कधीच नाही."

"देवा!" दाइवाने फणी पलंगावर आपटली. तिला राग आला होता, आणि तो राग कुणावर हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. "मग मला कशाला सांगता? मी कोण? मी तिकडची, परकी बाई, मला काय कळणार तुमच्या वेणीचं! ही बघा, जागी आहे ती. डोळे बघा तिचे." मग ती एकदम खचली. खिशातून टेलिफोन कार्ड काढलं. "तिकडे आता शाळा सुटली असेल. मी जाते. मी उग्नेला सांगते, ठेव म्हणून. राहू दे ते अंथरूण. मी येईपर्यंत राहू दे."

बोलली आणि स्वतःच दचकली. वैजयंतीकडे पाहिलं.

"तसं नको म्हणूस," वैजयंती हळूच म्हणाली. "केव्हा येणार ते सांग. आणि जा."

चपलांची फटफट जिन्याने खाली गेली.

खोलीत मायलेकी उरल्या.

वैजयंतीने कपाटातून खोबरेलाची बाटली काढली. ग्लासगोच्या थंडीत ते तेल कायम गोठलेलं असायचं. बाटली तिने दोन्ही तळव्यांमध्ये धरली, तेल सुटेपर्यंत. कोट काढला, टांगला नाही. बाह्या वर केल्या आणि पलंगावर आईच्या पाठीमागे चढून बसली. मागे लेक, पुढे आई. फणीला तिने हात लावला नाही. बोटांनीच सुरुवात केली.

कण्हणं आलं.

"हलू नकोस गं," वैजयंती म्हणाली. "मान सरळ ठेव."

तेल मुरत गेलं. बाहेरच्या कडेचा एक केस सुटला, मग चार, मग एक बट. गुंत्याचं असं असतं, ओढलं की आवळतो, वाट बघितली की वाट देतो. आईची उशी तेलाने माखली. स्कर्टवर डाग पडले. बांधलेले तिचे स्वतःचे केस कानावर आले, ते तिने मागे सारले नाहीत. आईची मान हळूहळू सैल झाली. म्हातारीची मान किती बारीक होती, पाखराची असावी तशी. त्या मानेवर आता लेकीचा श्वास पडत होता.

आणि वैजयंतीच्या नकळत तिच्या ओठांवर ते आलं. कधी कुणापुढे म्हटलं नव्हतं, ईशिताच्या वेण्या घालतानाही नाही.

"लेकीची गं वेणी घालू, पेडावरी बाई पेड…"

ती थांबली. पुढे तिला येत नव्हतंच.

तेव्हा पलंगावरून आवाज आला. बसका, वाकड्या झालेल्या तोंडातून ओघळणारा. पण सूर सरळ होता. ज्या बाईला पाणी मागायला एक शब्द पुरवून वापरावा लागत होता, ती ओळ म्हणत होती, सबंध, न अडखळता.

"एक पेड गुंफताना माझ्या जीवा लागे वेड."

वैजयंतीची बोटं केसांत तशीच राहिली.

म्हणजे इतकी वर्षं आईला ती ओळ माहीत होती. तुटलेली ओळ तिनेही सांभाळून ठेवली होती, म्हटली नव्हती एवढंच. उशीवर आईच्या डोळ्यातून पाणी नाकाच्या कडेने उतरत होतं. एका बाजूचं तोंड हललं.

"वैजू," सिंधुबाई म्हणाल्या. डावा हात मागे आला, चाचपडत, लेकीच्या डोक्यापर्यंत पोचला आणि सुटलेल्या बटेत अडकला. "केस… गबाळी… कुणी… विंचरत नव्हतं?"

विमानतळावरून निघालेला प्रश्न आता पोचत होता. तो टोमणा नव्हताच कधी. बाई स्वतःला विचारत होती, इतकी वर्षं. माझ्या मागे माझ्या पोरीला कुणी विंचरत नव्हतं का?

वैजयंती पुढे वाकली. गाल आईच्या तेलकट केसांवर टेकला. आणि मराठीत, मिरजेच्या मराठीत, सहा वर्षांच्या आवाजात बोलली.

"विंचरत होते गं आई. सगळे विंचरायला बघत होते. मीच कुणाला हात लावू दिला नाही. तू म्हणाली होतीस ना, मी येईपर्यंत विस्कटू द्यायची नाही? मी नाही विस्कटू दिली, आई. त्यांनी कापली तेव्हासुद्धा ती तशीच होती. तू घातलेली."